आईची गाठ काढून झाली, मग आता केमो कशाला?

कवळेकरीण :
नमस्कार. इथे नेहमी वाचायला येते, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय.

आई ६३ वर्षांची, फोंड्याला असते. मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात. उजव्या स्तनात गाठ लागली, बायोप्सीत कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं. काखेतून ज्या गाठी काढल्या त्यांतल्या दोनांत कॅन्सर सापडला. बाकी सगळं छान. जखम भरली, टाके निघाले, आम्ही म्हटलं सुटलो एकदाचे. आता डॉक्टर म्हणतात केमो हवीच. आधी दर तीन आठवड्यांनी एक असे चार डोस, मग दर आठवड्याला एक असे बारा, आणि शेवटी शेक (रेडिएशन).

आई विचारते, "गाठ कापून बरणीत घालून तपासायला नेली ना? मग आता आत कोण उरलंय, ज्याला मारायला औषध घ्यायचं?" मला उत्तर देता आलं नाही. डॉक्टरांनी समजावलं होतं, पण ओपीडीच्या दारात ही गर्दी, आम्ही माना डोलावून बाहेर आलो. त्यात मावशीचा रोज फोन, "माणसं कॅन्सरने नाही, केमोने मरतात." शेजारचे काका लक्ष्मणफळाची पानं पिशवीभर देऊन गेलेत.

केमो नेमकं काय करते, अंगावर किती येते आणि आमच्या बाबतीत ती खरंच लागते का, हे साध्या भाषेत कोणी सांगेल? स्वतः घेतलेल्यांचे अनुभव आले तर फार बरं.

उंडो_पाव :
आईंचा प्रश्न लाख मोलाचा. उत्तर देण्याची अक्कल नाही, पण वाचायला बसलोय.

खोर्लीचो_मास्तर :
आईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या काखेतच आहे. तिथल्या दोन गाठींत पेशी सापडल्या, म्हणजे मूळ गाठीतून सुटून प्रवास करणं काही पेशींना जमलं होतं. काखेपर्यंत आल्या तशा रक्तातून हाडांत, यकृतात, फुप्फुसांतही जाऊन बसल्या असू शकतात. बसल्या असतीलच असं नाही. पण असल्या तर दिसणार नाहीत. एक सेंटिमीटरच्या गाठीत सुमारे शंभर कोटी पेशी असतात, आणि काही मिलिमीटरहून लहान पुंजका स्कॅनला पकडता येत नाही. स्कॅन स्वच्छ आला म्हणजे दिसण्याएवढं काही नाही, इतकंच. सर्जनचा चाकू दिसतं तिथे चालतो. न दिसणाऱ्यापर्यंत जायचं तर रक्तातूनच जावं लागतं, म्हणून केमो.

चार अधिक बारा म्हणजे बहुधा आधी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड (याला एसी म्हणतात), मग पॅक्लिटॅक्सेल. यातलं पहिलं डीएनएच्या पायऱ्यांमध्ये घुसतं आणि तो उलगडणारं एन्झाइम अडवतं. दुसरं यकृतात गेल्यावर जागं होतं आणि डीएनएच्या दोन्ही धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकतं. तिसऱ्याची तऱ्हा वेगळी. पेशी दुभंगताना आत बारीक नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की मोडतो. पॅक्लिटॅक्सेल तो मोडूच देत नाही. पेशी अर्धवट दुभंगलेल्या अवस्थेत अडकते आणि मरते. तिन्हींचा रोख एकच, विभागणारी पेशी.

आता शरीरात विभागणारी पेशी काही कॅन्सरचीच नसते. केसांची मुळं, तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर, हाडांतली मज्जा, यांचं काम रात्रंदिवस चालू. त्यांनाही मार बसतो. मेंदूच्या आणि स्नायूंच्या पेशी सहसा विभागत नाहीत, त्या बऱ्याच अंशी वाचतात. केस का जातात आणि हात का राहतो, ते यातच आलं.

एकाच डोसात का भागत नाही? कारण प्रत्येक डोस ठरावीक संख्येने नाही, ठरावीक प्रमाणात पेशी मारतो. समजा एक कोटी पेशी आहेत आणि एका डोसात शंभरातल्या नव्व्याण्णव मेल्या, तर एक लाख उरतात. पुढच्या डोसनंतर एक हजार, त्यापुढच्या डोसनंतर दहा. मधल्या तीन आठवड्यांत कॅन्सर थोडा डोकं वर काढतो, पण मज्जा त्याहून लवकर सावरते. या फरकावरच सगळा उपचार उभा आहे.

भिरंड :
मास्तर, वर्गात असं शिकवलं असतं तर मी सायन्स सोडलं नसतं.

सिस्टरबाय :
केमोच्या डे-केअरमध्ये नोकरीची बरीच वर्षं गेली, आता निवृत्त आहे. मास्तरांनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगते.

लोक उलटीला घाबरतात. बाय, उलटीला भिऊ नकोस, तापाला भी. औषध चढवल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. तांबड्या पेशी रक्तात १२० दिवस टिकतात, प्लेटलेट आठ-दहा दिवस, पण जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जेमतेम तासांच्या नाहीतर एखाद्या दिवसाच्या. मज्जेचा कारखाना थांबला की पहिला तुटवडा त्यांचाच. तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस झाला की हॉस्पिटल गाठायचं. रात्रीचे दोन वाजले असोत, बाहेर पाऊस असो. "सकाळपर्यंत बघूया" नाही. घरी पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवून बसायचं नाही, त्याने थर्मामीटर खाली येतो, जंतू नाही. गाडी नसेल तर १०८. आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य "केमो चालू आहे" हे बोलायचं, म्हणजे रांगेत बसवणार नाहीत. मावशी म्हणतात तशी केमोने माणसं दगावतात ती बहुतेक याच खिंडीत, आणि वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर बहुतेक वाचतात.

उलटीचं म्हणशील तर आता औषधं फार चांगली आहेत. ऑनडॅनसेट्रॉन १९९१च्या सुमाराला आलं. त्याआधी केमो घेणारी माणसं बादली घेऊनच बसायची. आता जोडीला अ‍ॅप्रेपिटंट, डेक्सामेथासोन आणि कधी रात्री झोपताना ओलॅन्झॅपिनची छोटी गोळी देतात. ही शेवटची गोळी गूगलवर शोधलीस तर मानसिक आजाराची निघेल. घाबरू नकोस, मळमळीलाही ती गुणकारी आहे. गोळ्या उलटी व्हायच्या आधी घ्यायच्या, झाल्यावर नाही.

डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, त्याने साखर चढते. आईला मधुमेह आहे ना? केमोच्या दिवशी आणि पुढे दोन-तीन दिवस साखर घरी तपासा, गोळ्यांचं आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. हे पुष्कळदा राहून जातं.

पहिलं औषध लालभडक असतं. लघवी दिवस-दोन दिवस लालसर होईल, ते रक्त नव्हे. पण ते शिरेबाहेर गेलं तर कातडी जाळतं. सुईपाशी जरा जरी चुरचुरलं तर आईने लाजायचं नाही, लगेच ओरडायचं. शिरा बारीक असतील तर पोर्टबद्दल (कातडीखाली बसवायची, मोठ्या शिरेला जोडलेली औषधाची डबी) विचारा.

पेडणेकर७२ :
माझा मोठ्या आतड्याचा होता, औषधं वेगळी, म्हणून हे आईंना लागू नाही. पण 'केमो' म्हणून एकच एक काही नसतं हे कळावं म्हणून लिहितो. मला ऑक्सॅलिप्लॅटिन होतं. केस जवळजवळ सगळे राहिले, उलटी नावाला. पण थंडाची बंदी! सलाईन चढल्यानंतरच्या दिवसांत फ्रीजरमधून बांगडे काढायला हात घातला तर बोटांत झिणझिण्या, गार पाणी प्यालो तर घसा आवळल्यासारखा. पेडण्याच्या मे महिन्यात कोमट पाणी पीत बसलो. जोडीच्या गोळ्यांनी (कॅपेसिटाबिन) तळहात-तळपाय लाल होऊन सोलले. पायांची बधिरता अजून थोडी आहे, चप्पल पायातून निसटली तर कळत नाही. बाकी ठणठणीत. वायंगणची (उन्हाळी भातशेतीची) कामं करतो.

उंडो_पाव :
काका, म्हणजे बिअरही कोमट?

पेडणेकर७२ :
बिअर बंदच होती रे. बायकोला बरं निमित्त मिळालं, अजून सोडलेलं नाही तिने.

निसर्गमित्र_सत्तरी :
इथे सगळे औषध कंपन्यांचे वकील दिसतात. केमो हे विष आहे, पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड गॅसपासून बनलंय, जरा वाचा. लक्ष्मणफळ, गव्हांकुर, हळद, यांनी शेकडो लोक बरे झालेत. कॅन्सर मुळातून जातो, साइड इफेक्ट शून्य. ज्यांना हवं त्यांनी व्यनि (खाजगी निरोप) करा.

खोर्लीचो_मास्तर :
मस्टर्ड गॅसचं खरं आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. त्या वायूने मेलेल्यांच्या शरीरात पांढऱ्या पेशी आणि लसिका ग्रंथी झिजलेल्या दिसल्या होत्या. १९४२ साली येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी त्याचा भाऊबंद, नायट्रोजन मस्टर्ड, लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) रुग्णाला दिला आणि गाठी विरघळल्या. काही आठवड्यांनी परत आल्या, तो भाग वेगळा. युद्ध चालू असल्यामुळे हे सगळं १९४६पर्यंत गुप्त राहिलं. १९४३च्या डिसेंबरात इटलीतल्या बारी बंदरावर बाँब पडले, तिथल्या एका जहाजात हाच वायू भरला होता. त्यात सापडलेल्या माणसांच्या रक्तातही तेच दिसलं. आईंना मिळणार आहे ते सायक्लोफॉस्फमाइड त्याच कुळातलं. विष आहेच. म्हणून तर उंची आणि वजन मोजून, शरीराचं क्षेत्रफळ काढून मिलिग्रॅममध्ये देतात आणि दर वेळी आधी रक्त तपासतात.

राहता राहिलं लक्ष्मणफळ. त्यात अ‍ॅनोनासिन नावाचं द्रव्य असतं, ते चेतापेशींना घातक आहे. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादेलूप बेटावर पार्किन्सनसारख्या विचित्र आजाराचे रुग्ण जास्त दिसले, त्याचा संबंध हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा नेमाने घेण्याशी जोडला गेला. तेव्हा 'साइड इफेक्ट शून्य' नाही. पिकलेलं फळ कधीमधी खाल्लं तर काही होत नाही. केमो चालू असताना पानांचा काढा नको. यकृताला आधीच काम पुरेसं आहे.

निसर्गमित्र_सत्तरी :
तुमच्यासारख्यांना समजावण्यात अर्थ नाही.

तळपणची_सून :
निसर्गातलंच हवं असेल तर अंगणातली सदाफुली आहे की. पुतण्याला पाचव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला (एएलएल), तेव्हा परळला टाटाच्या डॉक्टरांनी सांगितलं, व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून काढतात. मला थट्टाच वाटली. काणकोणात आमच्याकडे कुंपणाला उगवते, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. उपचार खूप लांबले, शेवटी शेवटी घरी गोळ्याच होत्या. आता तो दहावीला आहे आणि आईचं ऐकत नाही.

खोर्लीचो_मास्तर :
वा! सदाफुलीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जमैकात तिच्या पानांचा चहा मधुमेहावर घेत. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी उंदरांना अर्क दिला. साखर हलली नाही, उंदीर मात्र जंतुसंसर्गाने मेले. पाहिलं तर पांढऱ्या पेशी साफ झालेल्या. निरुपयोगी म्हणून टाकून न देता त्यांनी विचार केला, पांढऱ्या पेशी जिथे बेसुमार वाढतात तिथे हे का वापरू नये? १९५८च्या सुमाराला त्यातून व्हिन्ब्लास्टिन वेगळं झालं. व्हिन्क्रिस्टिन त्याचंच भावंड. पॅक्लिटॅक्सेल ज्या नळ्या मोडू देत नाही, त्या ही औषधं उभ्याच राहू देत नाहीत. पानं चघळू मात्र नका कोणी, पानात किती द्रव्य आहे याचा हिशोब नसतो.

आणि पुतण्याच्या त्या घरच्या गोळ्यांत मेथोट्रेक्सेट असणार. त्या औषधाच्या जन्मामागे आपला माणूस आहे, भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेत लेडर्ली कंपनीत त्यांच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिडच्या तोंडवळ्याची, पण पेशीला फसवणारी द्रव्यं बनवली. बोस्टनच्या सिडनी फार्बरनी त्यातलं एक, अमिनोप्टेरिन, मरणाच्या दारातल्या मुलांना दिलं. १९४८ साली छापून आलेल्या अहवालात १६ पैकी १० मुलांत आजार काही काळ मागे हटला होता. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. आज चांगले उपचार मिळाले तर या आजाराची बहुतेक मुलं बरी होतात. आमच्या पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर एक ओळ नाही.

भिरंड :
मास्तर, धागा फोंड्याहून बोस्टनला गेला. परत आणा.

साळकाठ :
सगळे केमोचे गोडवे गातायत म्हणून लिहितो. बाबांना स्वादुपिंडाचा होता, निदान झालं तेव्हाच यकृतात पसरलेला. केमो सुरू केली. तोंड आलं, जुलाब, दर डोसनंतर ॲडमिट. शेवटचे बरेच दिवस हॉस्पिटलच्या छताकडे बघण्यात गेले. त्यांना एकदा घरच्या सोप्यावर बसायचं होतं. ही केमो बरं करण्यासाठी नाही, थोडे दिवस वाढवण्यासाठी आहे, हे आम्हाला कोणी स्पष्ट सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाबांनी नको म्हटलं असतं. मावशींना वेड्यात काढू नका. त्यांनी असंच काहीतरी पाहिलं असेल.

सिस्टरबाय :
साळकाठ, तुझं दुःख खरं आहे आणि तक्रारही खरी. असं झालेलं मी पाहिलंय. डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारायचा, ही केमो कशासाठी? आजार मुळापासून घालवायला, परत येऊ नये म्हणून, की त्रास कमी करून दिवस वाढवायला? तिन्ही ठिकाणी औषधं तीच असू शकतात, पण किती सोसायचं याचा हिशोब वेगळा. शेवटच्या प्रकारात "पुरे" म्हणायचा हक्क पेशंटचा. दुखणं आणि मळमळ सांभाळणारे पॅलिएटिव्हचे डॉक्टरही असतात, त्यांना भेटायला शेवटच्या आठवड्याची वाट बघायची नसते.

कवळेकरणीच्या आईचा आजार पसरलेला दिसत नाही. तिची केमो परत येऊ नये म्हणून आहे. तुझ्या बाबांची गोष्ट तिला लावता येणार नाही.

साळकाठ :
मान्य. पण ६३ वय, मधुमेह. फायदा किती आणि त्रास किती हे आकड्यांत विचारलं का? काही जणींना नुसत्या हॉर्मोनच्या गोळ्यांवर ठेवतात असं वाचलंय.

अबोली :
साळकाठ यांचा मुद्दा बरोबर आहे. ताई, रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (पेशीवरच्या हॉर्मोनच्या कड्या) आणि हर-टू (पेशी वाढवणारं एक प्रथिन) यांपुढे काय लिहिलंय ते बघा. हॉर्मोन पॉझिटिव्ह असेल तर पाळी गेलेल्या बायकांत, काखेतल्या एक ते तीन गाठींत आजार असला तरी, गाठीची जनुकीय चाचणी करून कधीकधी केमो टाळता येते. चाचणी महाग आहे, पण विचारायला काय जातं?

कवळेकरीण :
सर्वांचे मनापासून आभार, रात्री उशिरापर्यंत सगळं वाचलं. रिपोर्टमध्ये तिन्हींपुढे निगेटिव्ह लिहिलंय. मला वाटलं निगेटिव्ह म्हणजे चांगलं.

अबोली :
याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. हॉर्मोनच्या गोळ्यांनी अडेल अशी कडी त्यात नाही, हर-टूवरचं इंजेक्शनही चालत नाही. म्हणून केमोवर भिस्त जास्त. चांगली बाजू अशी की हा प्रकार भराभर विभागतो, म्हणून केमोला प्रतिसादही बरा देतो. तुमच्या डॉक्टरांनी "हवीच" का म्हटलं ते आता कळलं असेल.

माझाही हाच प्रकार होता, हीच औषधं, म्हणून थोडं मोकळेपणाने लिहिते. केस पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत जातात. उशीवर पुंजके बघण्यापेक्षा मी न्हाव्याला घरी बोलावून आधीच बारीक करून घेतले. रोज अबोलीची फाती माळणारी मी, आरशापुढे हात सवयीने मानेमागे जायचा. नवऱ्याने साथ म्हणून टक्कल करतो म्हटलं. त्याच्या डोक्यावर होतं तरी काय!

लाल औषधाच्या डोसांनी थकवा असा की आंघोळीला जायचं म्हणजे मोहीम. हृदयाला त्रास देऊ शकतं म्हणून आधी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) केला होता, आईंचाही करतील. तोंडाला पत्र्याची चव. चमचा लाकडी वापरला, आणि भिरंडाच्या (कोकमाच्या) सारामुळे चव थोडी परत यायची. तोंड आलं तेव्हा मीठ-सोड्याच्या गुळण्या, आणि तेव्हा आंबट बंद. उकड्या तांदळाची पेज दोन्ही वेळा. आठवड्याच्या डोसांत मळमळ कमी, पण बोटं बधिर. ब्लाउजचे हूक लावता येईनात. हे डॉक्टरांना सांगायचं, ते डोस कमी करतात. मी वजन घटेल म्हणून जुने ब्लाउज शोधून ठेवले होते, स्टिरॉइडने वजन वाढलं! आणि डोकं मंद. हुमणात मीठ दोनदा, नाहीतर अजिबात नाही. केमो संपल्यावर काही महिन्यांत बरंच सुधारलं. केस परत आले ते कुरळे, जन्मात कधी नव्हते.

उंडो_पाव :
मीठ दोनदा पडायला आमच्या घरी केमो लागत नाही.

मुंबईस्थ_गोंयकार :
दुसरं मत हवं असेल तर टाटाला जरूर या, पण येताना बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड घेऊन या. नुसत्या कागदांवर ते बोलत नाहीत, स्वतः बघतात. राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. केमो मात्र इथे घेत बसू नका असं माझं मत. औषधं तीच, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात मिळतात. कोकणकन्येत रत्नागिरीच्या पुढे ताप चढला तर सिस्टरबायंचा नियम कुठे पाळणार?

भिरंड :
गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड नूतनीकरण केलंय का तेही बघा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांचं कवच. ऐन वेळी कार्डाची मुदत संपलेली निघते.

कवळेकरीण :
नूतनीकरण राहिलंच होतं, आज केलं. एक विचारते, हसू नका. आई नातवाला जवळ घेऊ शकते का? वहिनीला कोणीतरी सांगितलंय की केमोच्या बाईच्या अंगातून किरणं निघतात. आणि मासे? आई म्हणते मासे बंद करणार असाल तर केमो नको.

सिस्टरबाय :
किरणं-बिरणं काही नाहीत. नातवाला खुशाल घेऊ दे, फक्त पोराला सर्दी-खोकला असेल तेव्हा नको. औषध दोन दिवस लघवी-शौचातून बाहेर पडतं, तेवढे दिवस झाकण लावून दोनदा फ्लश, आणि उलटी वगैरे पुसताना हातमोजे. सायक्लोफॉस्फमाइड मूत्राशयाला टोचतं, तेव्हा पाणी भरपूर आणि लघवी तुंबवायची नाही.

मासे नीट शिजवलेले, ताजे, चालतील. प्रथिनं हवीतच. तिसऱ्या, खुबे, कालवं हे पाणी गाळून खाणारे जीव, केमो संपेपर्यंत त्यांना सुट्टी. सुकं बाजारातून आणलं तर भाजून, आमटीत उकळून. रस्त्यावरचं कापलेलं कलिंगड, गाड्यावरची चटणी, न उकळलेल्या पाण्याची सोलकढी नको. दात दुखत असेल तर केमोआधीच दाखवून घ्या, नंतर दात काढणं जड जातं.

तळपणची_सून :
मासे बंद तर केमो नको! आई भारी आहेत.

कवळेकरीण :
पहिला डोस झाला. आधी डॉक्टरांना सिस्टरबायंनी सांगितलेला प्रश्न विचारला, "ही कशासाठी?" त्यांनी खुर्ची पुढे ओढून नीट सांगितलं. परत येण्याची शक्यता बरीच कमी होते, शून्य होत नाही, असं म्हणाले. आईला मास्तरांचं काखेचं उत्तर वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, "असं आधी कोणी सांगितलं असतं तर एवढी हुज्जत घातली असती का मी?" मग घातलीच, पार्किंगपर्यंत. मावशीने अजून मानलेलं नाही, पण थर्मामीटर तिनेच आणून दिला. साखर दुसऱ्या दिवशी ३१० झाली होती, आधीच ठरवून ठेवल्यामुळे धावपळ झाली नाही.

आता नवी अडचण. चतुर्थी दुसऱ्या डोसनंतर दहाव्या दिवशी येते. आमचं मूळ घर डिचोलीला, तीस-पस्तीस माणसं, पोरंबाळं, एकच न्हाणी. आई म्हणते, गणपतीला गेल्याशिवाय राहणार नाही.

सिस्टरबाय :
दहावा दिवस म्हणजे नेमका तळ. डॉक्टरांना तारीख आजच सांग. डोस एखाद-दोन दिवस मागेपुढे करायचा की पांढऱ्या पेशींचा काउंट वाढवायचं इंजेक्शन द्यायचं ते ते ठरवतील, तुम्ही परस्पर पुढे ढकलू नका. जाऊ दिलंच तर गर्दीची वेळ सोडून, मास्क लावून, तास-दोन तास. माटोळीची (गणपतीवर टांगतात ती) ओली फळं-पानं, कुजकी फुलं हाताळायला नकोत, बुरशी असते. नेवऱ्या गरम तळलेल्या खाऊ दे, साखर बघून. खतखतं वाढायच्या आधी पहिलं ताट तिचं. कोणी शिंकत असेल तर तो कितीही जवळचा असो, दुसऱ्या खोलीत.

साळकाठ :
आणि डिचोलीहून रात्री निघायची वेळ आली तर गाडी कोण चालवणार, हे आधी ठरवा. चतुर्थीच्या रात्री ड्रायव्हर मिळत नाही.

कवळेकरीण :
दादा चालवणार. हे खरंच ठरलं नव्हतं, आता ठरवलं. देव बरें करूं.

वास्को_नवा :
धागा वाचला, उपयोगी आहे. जरा वेगळा प्रश्न. बायकोची केमो संपली, पोर्ट अजून आत आहे. वापरत नसलो तरी धुवावा लागतो का?

सिस्टरबाय :
हो. साधारण महिन्याने एकदा, काही ठिकाणी तीन महिन्यांनी. जिथे बसवला तिथला नियम विचार आणि तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेव. खांद्यापाशी सूज, लाली किंवा ताप आला तर तारखेची वाट बघू नकोस.